चौदा टक्के टेंडर मतं आणि एक जुना मेसेज

निवडणूक जाहीर झाली की सोसायटीच्या, गावच्या, भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९-ए खाली 'चॅलेंज व्होट' मागा. तुमच्या नावावर दुसराच कोणी मत टाकून गेला असेल तर 'टेंडर व्होट' मागा. आणि एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर मतं पडली तर तिथे फेरमतदान होतं. यातलं मधलं वाक्य खरं आहे, बाकी दोन्ही थापा. आणि केंद्रावर हुज्जत होते ती नेमकी पहिल्या थापेवरून. जे खरोखर हक्काचं आहे ते मागायचं बऱ्याच जणांना सुचत नाही, 'तुमचं मतदान झालंय' एवढं ऐकून ते घरी जातात.

आधी थापा निकालात काढू. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९-ए हा नियम मतदान यंत्राची रचना सांगतो: यंत्राला एक कंट्रोल युनिट आणि एक बॅलट युनिट असावं, वगैरे. मतदाराच्या नावाशी त्याचा काडीचा संबंध नाही. यादीत नाव नसेल तर आधार, पासपोर्ट, जुनं मतदार ओळखपत्र, काहीही दाखवा, मत देता येत नाही. ओळखपत्र म्हणजे ओळख, मतदानाचा हक्क यादीतल्या नोंदीतून येतो. उलट नाव यादीत असेल आणि मतदार ओळखपत्र घरी राहिलं असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक यांवर काम भागतं. घरपोच आलेली मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक शोधायला.

नाव 'गायब' असल्याच्या तक्रारींत एक साधी गोष्ट तपासायची राहून जाते. एकाच शाळेत चार-पाच केंद्रं असतात आणि माणूस गेल्या वेळच्या खोलीसमोर रांग लावतो. मतदार ओळखपत्राचा क्रमांक घालून यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक आदल्या दिवशीच काढून ठेवावा, १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करूनही मिळतो. यादीच्या शेवटी पुरवणी असते, नवी, वगळलेली आणि दुरुस्त नावं तिथे सापडतात. खरंच वगळलं गेलं असेल तर मतदानाच्या दिवशी कोणीही काही करू शकत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की कायद्यानेच यादीत नाव घालता येत नाही. म्हणजे नमुना ६, नाव नोंदवण्याचा अर्ज, भरायचा तो त्याच्या बराच आधी, कारण अर्जावर हरकतींसाठी वेळ द्यावा लागतो.

चॅलेंज व्होट ही चीज अस्तित्वात आहे, पण ती मतदाराने मागायची नसून त्याच्याविरुद्ध वापरायची असते. उमेदवाराच्या पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रात बसलेल्या त्याच्या प्रतिनिधीला, समोरचा माणूस तोतया वाटला तर तो आक्षेप घेतो आणि त्यासाठी केंद्राध्यक्षाकडे २ रुपये रोख भरतो. हो, अजूनही दोनच रुपये. केंद्राध्यक्ष त्या माणसाला तोतयेगिरीच्या शिक्षेची समज देतात, तिथल्या तिथे थोडक्यात चौकशी करतात. आक्षेपाला आधार द्यायची पहिली जबाबदारी एजंटची. त्याला ते जमलं नाही तर मतदार मत देतो, आणि आक्षेप उगाच घेतलेला असेल तर दोन रुपये जप्त. सिद्ध झाला तर मत नाही आणि प्रकरण पोलिसांकडे. भारतीय न्याय संहितेत यासाठी एक वर्षापर्यंत कैद आहे. या सगळ्याची नोंद नमुना १४ मध्ये होते.

आता टेंडर मत. नियम ४९-पी. तुम्ही पहिल्या मतदान अधिकाऱ्यासमोर उभे आहात, तो यादीच्या चिन्हांकित प्रतीत तुमचं नाव शोधतो आणि दिसतं की नावाखाली आधीच रेघ ओढलेली आहे. इथे लगेच टेंडर मागू नका. आधी केंद्राध्यक्षांना दुसऱ्या टेबलावरची १७-अ ची नोंदवही बघायला सांगा. त्या वहीत मत दिलेल्या प्रत्येकाचा यादीतला अनुक्रमांक, दाखवलेल्या ओळखपत्राची नोंद आणि सही किंवा अंगठा असतो. दरवेळी तोतयाच असतो असं नाही. एका यादीत सुनीता पाटील तीन असतात, वरच्या ओळीऐवजी खालच्या ओळीवर पेन फिरतो. तुमच्या क्रमांकासमोर वहीत सही नसेल तर तुमचं मत पडलेलंच नाही, आणि यंत्रावरच मत देऊ द्या असा आग्रह धरावा.

सही असेल, आणि ती तुमची नसेल, तर मग टेंडर. केंद्राध्यक्ष तुमची ओळख पटवण्यासाठी प्रश्न विचारतील: वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक, घरातले इतर मतदार. उत्तरं पटली तर ते तुम्हाला छापील मतपत्रिका देतात. बॅलट युनिटवर जी लावलेली असते तीच ही, फक्त मागे 'प्रदत्त मतपत्रिका' असा शिक्का किंवा हस्ताक्षरातली नोंद. यंत्राकडे जायचं नाही. नमुना १७-ब मध्ये सही करायची, बाणाच्या फुलीचा रबरी शिक्का घेऊन आडोशाला जायचं, उमेदवाराच्या नावासमोर तो उठवायचा, घडी घालून कागद केंद्राध्यक्षांच्या हातात द्यायचा. ते तो वेगळ्या पाकिटात ठेवतात. केंद्राला अशा २० मतपत्रिका मिळतात. 'आमच्याकडे असं काही नसतं' हे उत्तर म्हणून कधीच बरोबर नसतं. फार तर साहित्याच्या पिशवीत तळाशी गेलेल्या असतात.

हे पाकीट मतमोजणीच्या दिवशी उघडत नाहीत. टेंडर मत मोजलं जात नाही, हे लोकांना सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो. पण ते नोंदलं जातं आणि त्याची नोंद लपवता येत नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतात. त्यात यंत्रात पडलेली मतं असतात, आणि टेंडर मतपत्रिका किती आल्या, किती दिल्या, किती परत चालल्या तेही. हजर असलेल्या पोलिंग एजंटला याची प्रत देणं बंधनकारक आहे. एजंट बहुतेक वेळा यंत्राचा आकडा तेवढा उतरवून घेतात. टेंडरच्या ओळीकडे बघत नाहीत.

फेरमतदानाचं म्हणाल तर १४ टक्के काय, कुठलीच टक्केवारी कायद्यात नाही. यंत्र फोडलं, पळवलं, त्यात छेडछाड झाली, किंवा मतदानच दूषित व्हावं अशी प्रक्रियेतली चूक घडली, तर आयोग लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५८ खाली फेरमतदान लावतो. केंद्र बळकावलं गेलं तर ५८-ए.

टेंडर मताला जीव येतो तो न्यायालयात. २००८ साली राजस्थानच्या नाथद्वारा विधानसभा मतदारसंघात सी. पी. जोशी ६२,२१५ मतांवर थांबले, कल्याणसिंह चौहान यांना ६२,२१६ मिळाली. एका मताचा फरक. एरवी कोणी न विचारणारी टेंडर मतं तिथे वादाच्या केंद्रस्थानी आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ च्या निकालात न्यायालयाने उमेदवारांच्या कामाची एक गोष्ट ठणकावून सांगितली: पक्षकारांनी आपल्या कैफियतीत, म्हणजे लेखी म्हणण्यात, जे मांडलंच नाही, ते नंतर चौकशीत घुसवता येत नाही. निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. तोवर कोणत्या केंद्रावर, यादीतल्या कोणत्या क्रमांकाच्या नावावर टेंडर मत पडलं हे हाताशी असायला हवं. ते लिहून घ्यायची वेळ मतदानाच्या दिवशीची असते, केंद्रातल्या एजंटच्या बाकावर.