मस्टरवरच्या बायका, वहीतल्या बायका

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परतले तेव्हा २०२२ चा जून उजाडला होता. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मी हिशेब बघते. घरी पेरणीची घाई, सासूबाई दिवसभर मळ्यात, आणि साडेपाच महिन्यांची लेक शेजारच्या काकींकडे. दुपारी एकच्या सुमारास छाती दगडासारखी व्हायची. मग स्टोअररूमचं दार आतून लावून दूध पिळायचं आणि मोरीत ओतायचं. तिकडे लेक वाटी-चमच्याने पावडरीचं दूध पीत असायची. तो काळ आठवला की अजून घशाशी येतं.

तरी मी खुर्चीत बसणारी. कटिंगच्या शेडमध्ये बायका सकाळपासून मशीनचा दांडा दाबत असतात. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून हाताला राख चोळतात. त्या हातांनी बाळाला उचलायचं तर आधी साबणाने खसाखसा धुवायला हवेत. एकीचं तान्हं बाळ तिची आठ वर्षांची मुलगी सांभाळायची, शाळा बुडवून. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

रजेच्या पैशांसाठी मी प्रसूती लाभ कायदा वाचला होता. आता पुन्हा उघडला. कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांची रजा १२ वरून २६ आठवडे झाली, हे बहुतेकींना ठाऊक असतं. त्याच दुरुस्तीत ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं आहे. जेवणाची सुट्टी धरून दिवसातून चार वेळा आईला बाळाकडे जाता येतं. ही सोय मालकाने कामावर घेतानाच लेखी कळवायची असते. माझ्या नेमणूकपत्रात तिचा एक शब्दही नव्हता. याशिवाय बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला रोज दोन सुट्ट्या, आणि त्यांचे पैसे कापायचे नाहीत.

मी शेठना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "आपले मस्टरवर ४१ जण. आपल्याला लागू नाही."

मस्टर मीच लिहिते, आकडा खरा होता. पण कंत्राटदाराने आणलेल्या १७ बायकांची वेगळी वही असते, आणि तीही माझ्याच कपाटात. कायद्यातली 'स्त्री'ची व्याख्या मी बोट ठेवून वाचली: थेट कामावर घेतलेली असो वा एजन्सीमार्फत, मजुरीवर काम करणारी. म्हणजे आम्ही ५८. एकाच शेडमध्ये, एकाच बाकावर बसणाऱ्या बायका दोन वह्यांत वाटल्या की कायदा अडवता येतो. याचा राग मला आजही येतो आणि तो मी गिळणार नाही.

पाळणाघर मागणाऱ्या अर्जावर सह्या मिळवणं सगळ्यात कठीण गेलं. "बाय, कायद्यात आसला तरी माका कामावरसून काढल्यानी तर खावचा काय?" एका काकींनी विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एकटीच्या सहीने अर्ज करायचं ठरवलं. आमच्या वाडीतल्या निवृत्त गुरुजींनी मसुदा तपासून दिला. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता, आणि १९२९ ला मुंबई प्रांतात तो कायदा झाला, हे मला गुरुजींकडूनच कळलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच कोकणातलं, मंडणगड तालुक्यात. अर्जापुरती ही माहिती निरुपयोगी, पण दुसऱ्या दिवशी मी ती शेडमध्ये सांगितली. संध्याकाळी त्या काकी आपण होऊन आल्या आणि अंगठा उठवला. त्यांच्यामागून आणखी अकरा जणी.

एक प्रत शेठना देऊन पोच घेतली, दुसरी कामगार कार्यालयात. ज्यांना हे करायचं आहे त्यांना कळकळीने सांगते: तोंडी बोलू नका, तारीख आणि शिक्का असलेली पोच जपून ठेवा. पुढचे चार महिने हेलपाट्यांत गेले. अधिकारी तपासणीला आले तेव्हा त्यांनी दोन्ही वह्या मागितल्या. मी दोन्ही टेबलावर ठेवल्या. शेठ माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. काढून मात्र टाकलं नाही, हे नोंदवायला हवं.

मार्चमध्ये जुनं पॅकिंगचं गोदाम पाळणाघरासाठी रिकामं झालं. बोरम्याच्या, म्हणजे काजूगर वाळवायच्या भट्टीच्या, धगीपासून आणि टरफलांच्या ढिगापासून दूर, ही अट मी सोडली नाही. दारात नळ आणि साबण, आत दोन पाळणे, चटया, आणि मुलं सांभाळायला गावातली एक ताई. पहिल्या दिवशी पाच मुलं आली. ती आठ वर्षांची मुलगी शाळेत गेली.

माझी लेक तोवर सव्वा वर्षाची झाली होती. पाजायच्या सुट्ट्यांचा माझा हक्क त्याच महिन्यात संपत होता.

पण शेडमधल्या बायकांना मजुरी किलोवर मिळते. हात धुऊन, बाळाला पाजून, पुन्हा राख चोळून बसेपर्यंत अर्धा तास जातो आणि तेवढा काजू कमी कापला जातो. कोणी पैसे कापत नाही, ते आपोआपच कमी पडतात. म्हणून दोन जणी चारच्या जागी एकदाच जातात, तेही जेवणाच्या सुट्टीत. या अर्ध्या तासाची मजुरी रोजच्या सरासरीने धरावी असा दुसरा अर्ज मी लिहिला आहे. यावेळी सह्या २३ आहेत.