तुम्ही विचारलंत म्हणून: छातीवरचा पट्टा

ठाण्यातल्या उपवनच्या तळ्याभोवती सकाळी फिरायला येणाऱ्यांत माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. मी 'पट्टावाल्या ताई'. प्रश्नही ठरलेला. "हातात एवढं घड्याळ आहे, तेही ठोके दाखवतं, मग छातीला तो पट्टा कशाला?" आणि त्यामागोमाग, जरा आवाज खाली आणून, "मीपण घेतला होता हो, सहा महिन्यांत बंद पडला." पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मला बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

पहिलं उरकते. घड्याळ मनगटावर हिरवा उजेड टाकून कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी बघतं. सपाट रस्त्यावर चालायचं असेल तर तेवढं पुरे, पट्ट्यावर पैसे घालवू नका. पण येऊरच्या उतारावरून हळूहळू पळत येताना माझ्या घड्याळाने एकदा १७६ दाखवले, तेव्हा मी मैत्रिणीला मोदकाच्या उकडीचं प्रमाण समजावत होते. १७६ ठोके पडत असते तर उकड सांगायला श्वास कुठून उरला असता? घड्याळ माझी पावलं मोजत होतं. पळताना मिनिटाला १६०-१८० पावलं सहज पडतात, आणि मनगटाला बसणाऱ्या त्या हादऱ्यांनाच ते ठोके समजतं. पुढच्या रविवारी पट्टा लावून तोच उतार उतरले तर आकडा १३८. पट्ट्याला उजेडाशी देणंघेणं नाही. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयात जी बारीकशी वीज उठते, ती तो छातीच्या कातडीवरून टिपतो, ईसीजीसारखी.

आता विजेचं काम म्हटलं की ओल आली. पट्ट्याच्या आतल्या बाजूला जे दोन काळे रबरी भाग असतात ते कोरडे असतील तर पहिली दहा मिनिटं तो वाट्टेल ते आकडे सांगतो, आणि घाम आला की शहाण्यासारखा वागायला लागतो. त्यामुळे लावतानाच ते भाग पाण्याने चांगले ओले करायचे. पळणारी मंडळी सरळ थुंकी लावतात. मी नळाखाली धरते. जानेवारीत हवा कोरडी असते आणि नायलॉनचा सैल टीशर्ट पट्ट्यावर फडफडत राहिला की स्थिर विजेमुळेही आकडे उड्या मारतात, तेव्हा औषधाच्या दुकानात मिळणारं ईसीजी जेल थोडं लावलं तर बरं. आणि तेल नको! दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून हौसेने पळायला गेले तर पट्टा मुका. पट्ट्याचा दोष नव्हता, अंगावर खोबरेल होतं.

फिनलंडमधली पोलर ही कंपनी १९७७ साली निघाली आणि पुढे काही वर्षांत तिने असा बिनतारी पट्टा बाजारात आणला. बर्फावर स्की करणाऱ्यांच्या देशातली ही वस्तू. तिथे कातडी ओली कशी ठेवायची ही चिंता असणार. ठाण्यात चिंता उलटी: हा पट्टा वाळवायचा कसा?

माझा पहिला पट्टा जुलैमध्ये गेला. पळून आले, पाऊस कोसळत होता, पट्टा काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी स्कूटरच्या डिकीत, आणि विसरले. चार दिवसांनी उघडली तर वास असा की शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं. सेल तर पार संपलेला. तेव्हा मला वाटलं, सेलच खराब निघाला. तसं नव्हतं. सेल असतो तो पट्ट्याच्या मधल्या डबीत. ठोके टिपणारी ही डबी टिचबटणांनी पट्ट्याला जोडलेली असते. पट्टा ओला असला की डबीला वाटतं, बाई अजून पळतेच आहे. ती रात्रभर जागी राहते. जो सेल कित्येक महिने पुरायचा, तो असा संपतो. म्हणून घरी आल्यावर चपला काढायच्या आधी डबी काढायची. दोन्ही टिचबटणं एकेक करून उघडा, पट्टा धरून हिसका देऊ नका.

मग पट्टा साध्या पाण्यात खळबळायचा, रोज. आठवड्यातून एकदा सौम्य साबण. सॉफ्टनर नाही, ब्लीच नाही. सॉफ्टनरचा थर रबरी भागांवर बसला की वीज कातडीपासून पुढे जातच नाही. पिळायचा नाही. टॉवेलात दाबून पाणी काढायचं आणि पंख्याखाली वाळत टाकायचा. पावसाळ्यात एका रात्रीत वाळत नाही हे धरून मी दोन पट्टे ठेवलेत, डबी एकच. पट्टा सुटा मिळतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं आणि ते सगळंच नवं घेतात. सासूबाई खुंटीवरच्या त्या दोघांना 'सूनबाईंची जानवी' म्हणतात.

सेल बहुतेकांत नाण्याएवढा, सीआर २०२५ नाहीतर २०३२. खोक्यावर पाहून घ्या. बदलताना झाकणाखालची रबरी रिंग खाचेत नीट बसली पाहिजे, नाहीतर पुढचा घाम थेट आत.

पेसमेकर बसवलेला असेल तर पट्टा घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि छातीत दुखत असेल तर आकडे बघत उभे राहू नका.

काल वसंत विहारच्या एक वहिनी भेटल्या. त्यांचा पट्टा 'मेला' म्हणे, गणपतीपासून कपाटात पडलाय, डबी लावलेलीच. उद्या घेऊन या म्हटलंय, मी नवा सेल आणते. टिचबटणं हिरवी पडली नसतील तर चालेल तो.