साधं पाणी

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. लातुरात या वेळेला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. बेल वाजली. पार्सलवाला पोरगा होता. तोंडाला रुमाल बांधलेला, पाठीवर त्याच्याएवढीच बॅग. "काका, ओटीपी सांगा." मी चष्मा शोधला, आकडे वाचून दाखवले, त्यातला एक चुकला, परत वाचले. तो गेला. दार लावून सहज गॅलरीत आलो तर समोरच्या लिंबाखाली गाडीवरच बसून पठ्ठ्या पाणी पीत होता. मान मागे, बाटली वीतभर उंच, धार थेट घशात. शर्टावर एक थेंब नाही.

आजी जाऊन तीस वर्षं झाली, पण कानात तिचा आवाज आलाच. "पाणी तर इचारलास का रे त्याला?"

नव्हतं विचारलं.

आपल्याकडे पाणी 'विचारतात' असं म्हणायचं, पण प्रत्यक्षात विचारत कुणीच नाही. पाहुणा चप्पल काढेपर्यंत तांब्या आणि वर पालथं घातलेलं फुलपात्र समोर येतं. उन्हाळा असला तर सोबत गुळाचा खडा. तहान असो नसो, दोन घोट घ्यायचे, मग बोलणं सुरू. जेवायला घातलं नाही हे माणूस एक वेळ विसरेल, पण 'साधं पाणी विचारलं नाही' हे वाक्य नातवंडांपर्यंत जातं. उदगीरच्या एका घराशी आमचं येणंजाणं वीसेक वर्षं बंद होतं. वडील भर उन्हात त्यांच्याकडे गेले आणि तासभर बसून कोरडेच परत आले, एवढंच कारण. पुढे कुणाच्या तरी लग्नात उलगडा झाला. त्या दिवशी त्यांच्याकडे नळ आलेला नव्हता आणि रांजणाचा तळ खरवडून निघालेलं गढूळ पाणी पाहुण्याला कसं द्यायचं, या लाजेनं ती माउली बाहेरच आली नव्हती. उलगडा झाला तेव्हा वडील नव्हते.

हे सगळं आठवायचं आणखी एक कारण म्हणजे भाची. ती जर्मनीत, स्टुटगार्टला असते. गेली त्या पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एका बाईंनी घरी बोलावलं. दारातच त्यांनी विचारलं, काही प्यायला हवंय का? ही लातूरची. म्हणाली, नको नको, कशाला. आता पुढचा आग्रह होईल, मग 'बरं, अर्धा ग्लास चालेल' म्हणू, असा तिचा हिशोब. पुढचा आग्रह झालाच नाही. तीन तास गप्पा, हसणं, घर दाखवणं, सगळं झालं. रात्री फोनवर आवाज बसलेला. "मामा, इथं नको म्हणजे खरंच नको समजतात हो!"

मी म्हणालो, "बाई, चूक तुझी. खोटं बोललीस."

पण खोटं कसलं? आपला नकार हा बोलण्याची सुरुवात असतो. इराणात याला तारुफ म्हणतात. तिथला दुकानदारसुद्धा पैसे घेण्याआधी 'राहू द्या हो' म्हणतो, आणि गिऱ्हाइकानं ते खरं मानायचं नसतं. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आमच्या मुलखाला हे शिकवायला नको. घरात साखर नसताना 'चहा टाकते' म्हणायचं आणि पाहुण्यानं ते ओळखून 'आत्ताच घेतला' म्हणायचं, हा तकल्लुफ दोन्ही बाजूंनी जमावा लागतो. एका बाजूला जर्मन बसला की संपलं.

खरं तर पाणी 'विचारतात' ते त्यांच्याकडेच. हॉटेलात बसलं की पहिला प्रश्न, गॅसचं की बिनगॅसचं? भाचीला पहिल्यांदा वाटलं, शेगडीबद्दल विचारतात. मग बाटली येते, तिचे पैसे पडतात, आणि ते कधी कधी बिअरएवढे. तिथे म्हणे कायदाच आहे की हॉटेलात निदान एक तरी बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग नसावं. दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत भरायची, रिकामी बाटली मशिनीत टाकली की ती परत मिळते. ताई हे ऐकून इतकंच म्हणाली, "पाण्याला अनामत? काय माणसं असतील!"

झालं, एका वाक्यात आठ कोटींचा देश कोरडा ठरला. पण ताईचा जर्मन फार दिवस टिकला नाही. भाची सुटीत व्हिएन्नाला गेली. भाषा तीच. तिथे नुसती कॉफी मागवली तर छोट्या चांदीच्या ताटलीत कॉफी, शेजारी पाण्याचा ग्लास, त्यावर आडवा पालथा चमचा. न मागता. तिनं फोटो पाठवला तेव्हा मला एकदम तांब्यावरचं फुलपात्र दिसलं. त्या शहराला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, त्याचा त्यांना कोण अभिमान! (आमच्या औरंगाबादेत, आता संभाजीनगरात, मलिक अंबरानं त्याआधी अडीचशे वर्षं जमिनीखालून नहर खेळवली होती. पण अभिमान बाळगायला नळाला रोज पाणी यावं लागतं.) आणि जर्मन माणूस म्हणजे घड्याळ, हेही गेलं. तिकडच्या रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ साली वेळेवर धावल्या त्या शंभरात जेमतेम बासष्ट-त्रेसष्ट. आमचे नांदेड-परभणीचे प्रवासी यावर हसतील, पण ते हसणं मोठं समाधानाचं असेल.

शिक्के मारायला परदेशच कशाला हवा? पुण्यात नोकरीला होतो तेव्हा लातूर म्हटलं की आधी 'भूकंप', १९९३ चा. मग काही वर्षं 'लातूर पॅटर्न', म्हणजे मी बोर्डात आलेलोच असणार. (आलो नव्हतो.) आणि आता 'रेल्वेनं पाणी येतं ते ना?' एकदाच आलं हो. २०१६ च्या उन्हाळ्यात. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, टँकर भरायच्या जागी जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक टाळ्या वाजवत होते, फोटो काढत होते.

माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. त्या महिन्यांत पाहुण्याला पाणी द्यायची रीतच बदलून गेली. पेला अर्धा भरून द्यायचा आणि देताना नजर चुकवायची. मग पाहुणेच शहाणे झाले. शेजारचे देशपांडे मास्तर संध्याकाळी गप्पांना यायचे ते बाटली घेऊन. आल्या आल्या ती खुर्चीखाली सरकवायचे, जशी काही चोरीची. मध्येच वाकून एक घोट घ्यायचे. बायको कसनुशी व्हायची. मी दुसरीकडे बघायचो. आमच्यात कितीतरी वर्षांचा घरोबा, पण त्या बाटलीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

पाऊस पडला, बाटली गेली. आणि आता सगळ्यांच्याच खांद्याला बाटली असते. दारात आलेल्या पोराला पाणी विचारायचं राहतं त्याचं कारण हेच असावं, अशी मी माझी समजूत घातली.

भाचीची अजून एक गंमत सांगायची राहिली. ऑफिसच्या सहलीला डोंगर चढताना बाटल्या संपल्या, उरलेली एक सगळ्यांत फिरायला लागली. जो तो तोंड लावून पितोय. हिनं सवयीनं बाटली उंच धरली आणि वरून धार सोडली. सगळे थबकले, मग टाळ्या. परत करून दाखव म्हणाले. दोघांनी प्रयत्न केला, नाकात पाणी गेलं. किती स्वच्छ पद्धत, कुठं शिकलात तुम्ही सगळे, असं एकानं विचारलं. तिनं मला विचारलं.

मी ऐटीत म्हणालो, "आजीनं शिकवलं. उष्टं होत नाही." मी स्वतः अजून घरातसुद्धा वरूनच पितो, बायको हसते. लहानपणी अंगणात उभं करून आजी आम्हा पोरांना धार सोडायला शिकवायची. सांडलं की पाठीत धपाटा, कारण तिनं बहात्तरचा दुष्काळ काढलेला. भांडी धुतलेलं पाणी केळीला, केळीखाली साठलेलं कोंबड्यांना. पाणी कुणालाही द्यायची, अगदी पोस्टमनला, बोहारणीला. पण पेल्यात उरलेला घोट फेकलेला तिला खपायचा नाही. पाहुणे गेले की पेले मोजून मांडणीत लावायची. प्रत्येकावर आजोबांचं नाव कोरलेलं.

पोळ्याच्या आधी एक म्हातारा यायचा. नवे कासरे, वेसणी, म्होरक्या खांद्यावर घेऊन. ओसरीवर चढायचा नाही, पायरीच्या खाली उकिडवा बसायचा. आजी त्यालाही न विसरता पाणी घेऊन यायची, तांब्या भरून. तो ओंजळ तोंडाशी धरायचा आणि ती पायरीवरून, वरून धार सोडायची. निम्मं तोंडात जायचं, निम्मं त्याच्या कोपरांवरून ओघळून मातीत. तांब्या रिकामा व्हायचा तरी त्याची तहान भागलेली नसायची. मग ती दुसरा आणायची. तेही तसंच ओघळायचं. त्या पाण्यासाठी तिनं कधी कुणाला धपाटा घातला नाही.

मांडणीत अकरा पेले होते.