दात घशात घालीन

आण्णांना शुगर निघाली आणि घरात क्वेकर ओट्स आले. आण्णा दोन चमचे खाऊन म्हणले, हे आजाऱ्याचं खाणं, मला ज्वारीची भाकर आणा. डब्यावरच्या त्या टोपीवाल्या बाबानं माझी मात्र दोन महिने झोप घालवली, हा क्वेकर म्हणजे कोण हे सहज बघायला गेलो आणि अडकलोच. कंपनीचा आणि त्या लोकांचा काही संबंध नाही बरं का, नुसतं नाव उचललंय. खरे क्वेकर म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला पंथ, जॉर्ज फॉक्स नावाच्या विणकराच्या पोरानं 1650 च्या आसपास उभा केलेला. पुजारी नको, देवाचा उजेड ज्याच्या त्याच्या आत आहे, गप्प बसा आणि ऐका. (आपल्या वारकऱ्याला हे सगळं पटेल, फक्त गप्प बसणं जमणार नाही, आमच्याकडं टाळ लागतो.)

ह्या क्वेकरांची जेलात जायची कारणं बरीच होती, सभा भरवली, कोर्टात शपथ घेतली नाही, चर्चला धान्याचा दहावा हिस्सा दिला नाही. पण मला धरून ठेवलं ते दोनच गोष्टींनी, एक टोपी आणि एक 'तू'. तेव्हा इंग्रजीतपण आपल्यासारखं तू आणि तुम्ही होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मोठ्याला तुम्ही, गड्याला तू. क्वेकर म्हणले, देवाला प्रार्थनेत तू म्हणता ना, मग मॅजिस्ट्रेट काय देवाहून मोठा आहे का. आणि सगळ्यांना सरसकट तू म्हणायला लागले. टोपीचंही तेच, मोठ्यासमोर टोपी काढायची ही तिथली रीत, हे कुणासमोरच काढायचे नाहीत.

मे महिन्यात परभणीत रात्री लाइट गेलेली, गच्चीवर पडून मोबाईलवर थॉमस एलवूडचं आत्मचरित्र वाचायलो होतो. हा पोरगा विशीतला, बाप स्वतःच मॅजिस्ट्रेट, पोरगं क्वेकर झालं आणि बापासमोर टोपी काढीना, वर बापाला तू म्हणायला लागलं. बाप म्हणतो, परत मला तू म्हणशील तर दात घशात घालीन. मी दचकून उठून बसलो. माझं भाषांतर नाही हो हे, इंग्रजीत तसंच आहे, दात, घसा, सगळं! आमच्या गल्लीतला बाप बोलायलाय असं वाटलं. मग बापानं एकेक करून त्याच्या सगळ्या टोप्या काढून घेतल्या आणि बोडक्यानं बाहेर कसं जाणार म्हणून पोरगं अख्खा हिवाळा घरात कोंडून राहिलं. पुढं हाच एलवूड मिल्टन नावाच्या आंधळ्या इंग्रज कवीला पुस्तकं वाचून दाखवायला जायचा.

आण्णांना सांगितलं. आण्णा आजही चार माणसांत बोडके बसत नाहीत, त्यांना काही केल्या कळेना की टोपी *ठेवली* म्हणून बापानं कामून मारलं.

1670 चा लंडनचा किस्सा तर अजूनच भारी. विल्यम पेन आणि विल्यम मीड हे दोघं क्वेकर कोर्टात आले तेव्हा डोक्यावर टोप्या नव्हत्याच, शिपायानं आधीच काढल्या होत्या. कोर्टानं हुकूम देऊन टोप्या परत डोक्यावर घालायला लावल्या, आणि मग काढल्या नाहीत म्हणून दोघांना 40-40 मार्कांचा (तेव्हाचा इंग्लंडातला पैशाचा हिशेब) दंड.

पण सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 1656 ला जेम्स नेलर ह्या क्वेकराच्या जिभेला तापल्या सळईनं भोक पाडलं, कपाळावर डाग दिला. 1660 ला अमेरिकेत बॉस्टनमध्ये मेरी डायर ह्या क्वेकर बाईला फाशी. 1682 ला ब्रिस्टलात मोठी माणसं जेलात गेली तर पोरांनीच सभा चालू ठेवल्या, आणि पोरांनी मार खाल्ला.

आणि हे लोक सगळं लिहून ठेवायचे. फॉक्सची रोजनिशी मला तितकी आवडली नाही, ज्यानं ह्याला छळलं त्याचं पुढं कसं वाटोळं झालं हे तो जरा जास्तच चवीनं सांगतो. पण जोसेफ बेस नावाच्या क्वेकरानं 1753 ला छळाच्या नोंदींचे दोन जाडजूड खंड काढले, तिथं नुसतं गाव, माणूस, काय जप्त केलं, किती किमतीचं, गाय, धान्य, भांडी, अंथरूण. रडणं नाही, शिव्या नाहीत. जप्तीचा पंचनामा ज्यानं घरात बघितलाय त्याला ती पानं भरभर वाचता येत नाहीत. मला नाही आली.

आमची गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला सरळ विठ्या म्हणते आणि आम्ही ते मान डोलवून ऐकतो. तेच आम्ही फेरफारच्या कागदासाठी खिडकीपुढं उभे राहिलो की भाच्यापेक्षा लहान पोराला साहेब म्हणतो. गेल्या महिन्यात मी ठरवून गेलो होतो, आज साहेब म्हणायचं नाही. अरे तुरे करायची हिंमत कुठली, नुसतं "अहो" म्हणून भागवायचं. तीन वेळा अहो म्हणलं, त्यानं मोबाईलमधून मान वर केली नाही. चौथ्यांदा तोंडातून साहेब निघालंच.

त्यानं बघितलं आणि म्हणला, सोमवारी या.