घरच्या घरी बोलेरोचे डिफरन्शियल ऑइल बदलताना
बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल (इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना वाटून वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींत ते गिअरबॉक्समध्येच असल्याने हे वेगळे काम उरत नाही. गाडी थोडी फिरवून आणली की तेल पातळ होते व गाळासकट सहज उतरते. मात्र ड्रेन प्लगला (तेल काढायच्या खालच्या बुचाला) पाना लावण्यापूर्वी वरचा फिलर प्लग (तेल भरायचे बूच) सुटतो की नाही हे पाहावेच, कारण जुने तेल काढून टाकल्यावर तो गंजून अडकलेला आढळला, तर गाडी जागची हलवता येत नाही. प्लगला चुंबक असल्यास त्यावर करडी, मऊ भुकटी दिसणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे तुकडे निघाले, तर गिअरचे दात तुटल्याची शंका घ्यावी. तेल जीएल-५ (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर तेलाचा दर्जा) दर्जाचेच हवे, कारण डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरचे (ज्यांचे अक्ष एकमेकांना छेदत नाहीत अशा दातेरी चाकांचे) दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात आणि साधे तेल तेथे टिकत नाही. ग्रेड (तेलाचा दाटपणा) मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेलीच घ्यावी. गाडी सपाट जागी ठेवून, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेवरून ओघळू लागेपर्यंत तेल भरावे. जुने तेल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. कपडे जुनेच घालावेत. या तेलाचा गंधकी वास धुऊनही लवकर जात नाही.