दिघी ते हरिहरेश्वर: बिनघाईची सायकल

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकल चढवता येते, हे कळल्यापासून कोकण मुंबईच्या पार उंबरठ्याशी आलंय. तरी मांडव्याला उतरल्या उतरल्या पेडल मारायची घाई करू नका. अलिबाग-रेवदंडा-काशीद रस्ता देखणा खरा, पण शनिवार-रविवारी तो गाडीवाल्यांचाच असतो. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंनी, सायकली सरळ टेम्पोत टाकल्या आणि आगरदांड्याच्या जेट्टीवर उतरलो. दोघींची पन्नाशी उलटलेली. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर ही आमची ऐपत, आणि चढ आला की खाली उतरून सायकल ढकलायची, यात आम्हाला कसलीही लाज वाटत नाही. या हिशेबात बसणारा रस्ता खाडीपलीकडे सुरू होतो.

फेरीबोटीतून दिघीला उतरलं की बंदराचे ट्रक आणि दमछाक करणारा चढ, एवढं एकदा सोसायचं. दिवेआगरला पोचेपर्यंत ते विसरायलाही होतं.

दिवेआगरात मुक्काम एका वाडीतल्या घरी होता. संध्याकाळी ओसरीवर बसलेल्या आजोबांना मी भरतीची वेळ विचारली. त्यांनी कॅलेंडरकडे मान न वळवता सांगितलं, "उद्या पंचमी. पावणेचारला भरती." तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पंचमीला सकाळी पावणेदहाच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे. किनाऱ्यावर सायकल चालवायची असेल तर हा हिशेब पाठच करावा, कारण चाक फक्त ओल्या, घट्ट वाळूवर चालतं. कोरड्या वाळूत शिरलात की सायकल तुमच्यावर बसते.

नऊच्या सुमारास आम्ही वाळूत उतरलो. चार-पाच किलोमीटरचा सपाट किनारा, मधल्या वारी चिटपाखरू नाही. खेकड्यांनी बिळांभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या, आणि त्या चुकवत चालवायच्या नादात जाऊबाई चक्क नागमोडी चालल्या होत्या. वाडीत परतल्यावर दोन्ही सायकली गोड्या पाण्याने धुतल्या, चेन पुसून कोरडी केली आणि तेल सोडलं. हे लगोलग करावं. खाऱ्या पाण्याने चेन गंजायला वेळ लागत नाही.

पाणी काढता काढता वाडी बघून झाली. सुपारीच्या रांगांमध्ये मोकळ्या जागा दिसत होत्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा इथल्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे ज्यांनी लगेच रोपं लावली त्यांनाही बरीच वर्षं नुसतं शिंपणंच करावं लागलं. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव आपण कौतुकाने घेतो, पण तिचा हा हिशेब कुणी सांगत नाही.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा किनाऱ्यालगतचा वीसेक किलोमीटरचा रस्ता म्हणजे या सगळ्या सहलीचा गाभा. बरेच पर्यटक तो गाडीच्या काचेआडून अर्ध्या-पाऊण तासात उरकतात. आम्हाला अख्खा दिवस लागला, आणि तो कमीच पडला. उजव्या हाताला समुद्र, डावीकडे डोंगर, आणि मध्ये एवढासा डांबरी रस्ता. चढ आहेत, पण बेताचे. दुपारनंतर इथे वायव्येकडून खारा वारा सुटतो, म्हणून जायचं ते उत्तरेकडून दक्षिणेकडेच. पाठीला वारा असला की पेडल जवळजवळ फुकटात फिरतं. उलट्या दिशेने आलेला एक तरुण सायकलस्वार भेटला, त्याचा चेहरा बघूनच आमची खात्री पटली.

भरडखोलला रस्त्याच्या कडेला जवळा वाळत घातला होता. वास दोन वळणं आधीच येतो. जाळीवर पसरलेला जवळा हाताने उलटापालटा करणाऱ्या एका मावशींनी आम्हाला थांबवलं.

"बाय, गाडी बंद पडली काय?"

"नाही मावशी, गाडी आणलीच नाही."

त्यांनी आधी सायकलींकडे, मग आमच्याकडे पाहिलं आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. त्यावर दोघी जे हसल्या ते हसल्या. अर्धा किलो सुका जवळा घेतला. तो सामानाच्या पिशवीत ठेवल्याचे परिणाम पुढे सगळ्या कपड्यांना भोगावे लागले.

पुढे शेखाडी. १९९३ साली मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स इथल्या किनाऱ्यावर उतरवलं गेलं, एवढंच बाहेरच्यांना या गावाबद्दल माहीत असतं. गावावर हा शिक्का बसावा हे काही बरं नाही. आम्ही थांबलो तेव्हा पोरं ओहोटीच्या वाळूत स्टंप रोवून क्रिकेट खेळत होती, आणि सीमारेषेचा वाद समुद्र पुढे सरकेल तसा वाढत होता. आरावीला सुरूच्या सावलीत डबा खाल्ला.

श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. त्यांचं स्मारक पाहून घ्या, पण पाय शिल्लक असतील तर गावातल्या आळ्यांमधून एक फेरी नक्की मारा.

हरिहरेश्वरचा रस्ता मात्र आमच्या पंथाचा नव्हे. चढ जास्त आहेत, आणि बरंच अंतर पायीच गेलं. षष्ठीला साडेदहाची ओहोटी धरून देवळामागच्या प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरलो. लाटांनी पोखरून जाळी केलेले ते कातळ जवळून बघायचे तर ओहोटीलाच. भरतीच्या वेळी तिथे जाऊ नये. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत, त्यामुळे पाटीवरची सूचना गंभीरपणे घ्यावी.

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, आणि पुढे बाणकोट, वेळास. जाऊबाईंना जायचं होतं. मी पलीकडचा डोंगर बघितला आणि माणगाव स्टेशनपर्यंत टेम्पोचं भाडं विचारलं. दोन सायकलींचे त्याने वेगळे पैसे सांगितले. घासाघीस जाऊबाईंनी केली, जवळ्याची पिशवी पुढे ठेवून.