जुन्या हॉलिवूडचे क्रीडापट: आतापर्यंतची नोंद

चाळीस-पन्नासच्या दशकांतले खेळावरचे हॉलिवूडपट ओळीने बघणं चालू आहे. लक्ष ठेवतोय ते एवढ्यावरच: गोष्ट ज्याच्या शरीराची, तो पडद्यावर आहे की त्याच्या जागी स्टार?

‘द स्ट्रॅटन स्टोरी’ (1949) झाला. शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) माँटी स्ट्रॅटन याने 1938 मध्ये शिकारीच्या अपघातात उजवा पाय गमावला. उजव्या हाताने टाकणारा पिचर जोर घेतो तो उजव्याच पायावर, म्हणजे गेला तो नेमका कामाचा पाय. जेम्स स्टुअर्टने तोल सावरणं झकास दाखवलंय. शेवटाकडे समोरचे बॅटर मुद्दाम बंट करतात. चेंडू हलकेच पुढ्यात सोडायचा, म्हणजे याला धावत येऊन उचलता येऊ नये. एरवी गोडगोड असलेल्या सिनेमात हाच सीन मला पटला. प्रतिस्पर्धी त्याला खेळाडू समजूनच वागवतात. खुद्द स्ट्रॅटनने 1946 मध्ये लाकडी पायावर टेक्सासमधल्या शर्मनच्या संघाकडून 18 सामने जिंकले होते.

‘द विनिंग टीम’ (1952) बघून वैताग आला. बेसबॉलचा पिचर ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडरला अपस्मार होता. पडद्यावर त्याच्या भूमिकेतला रोनाल्ड रेगन कोसळतो, लोक त्याला दारुडा ठरवतात, पण आजाराचं नाव शेवटपर्यंत कोणी घेत नाही.

‘जिम थॉर्प: ऑल-अमेरिकन’ (1951) मध्ये सॅक अँड फॉक्स या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीचा धावपटू थॉर्प झालाय गोरा बर्ट लँकेस्टर! धावतो सुंदर, पण बाकी काय बोलायचं. त्याच्या आदल्याच वर्षी ‘द जॅकी रॉबिन्सन स्टोरी’त मात्र कृष्णवर्णीय बेसबॉलपटू रॉबिन्सन खुद्द उभा आहे. संवाद म्हणताना अवघडतो, हातात बॅट आली की सुटतो.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली तो: ‘बॉडी अँड सोल’ (1947). कॅमेरामन जेम्स वाँग हाऊने रोलर स्केट्सवरून चित्रित केलेल्या शेवटच्या बॉक्सिंग लढतीसाठी आपण सगळे तो बघतो. या खेपेला मी कॅनडा ली यालाच धरून बसलो. तो बेन नावाचा कृष्णवर्णीय चॅम्पियन आहे. बेनच्या मेंदूत रक्ताची गाठ आहे. प्रमोटरला ते ठाऊक असूनही तो त्याला जॉन गारफिल्डच्या चार्लीसमोर उतरवतो. पुढे बेन चार्लीचाच ट्रेनर होतो आणि एका रात्री रिकाम्या रिंगमध्ये भ्रमात एकटाच ठोसे मारत राहतो. हे ठोसे शिकवून आलेले नाहीत. ली खरोखरच व्यावसायिक बॉक्सर होता आणि बॉक्सिंगमध्येच एका डोळ्याची दृष्टी गेल्याने त्याला रिंग सोडावी लागली होती. क्लोजअपमध्ये मी त्याच्या डोळ्यांकडेच बघत होतो. तरी बेन मरतो तो चार्लीला जाग यावी म्हणून, हे खटकलंच. कृष्णवर्णीय पात्राच्या वाट्याला तेव्हा बहुधा हेच यायचं. पण ली बेनला बिचारा होऊ देत नाही. प्रमोटर पैसे फेकतो, तेव्हाची बेनची मान बघा. पुढे ली आणि गारफिल्ड दोघंही हॉलिवूडच्या काळ्या यादीच्या (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारण्याच्या) तडाख्यात सापडले, आणि दोघंही 1952 च्या मे महिन्यात गेले.

यानंतर ‘गो, मॅन, गो!’ (1954). हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय बास्केटबॉल संघावरचा, आणि दिग्दर्शक तोच स्केट्सवाला हाऊ. कोणाला स्वच्छ प्रिंट सापडली असेल तर कळवा. माझ्याकडची फारच अंधारी आहे.